डोळ्याचं औषध

"साहेब, तुमचा दारुडा दारू प्यायलेला नव्हता."

सकाळी सकाळी फोनवर डॉक्टर अनिसा इनामदार होत्या. सरकारी दवाखान्यात चांगदेवचं शवविच्छेदन त्यांनीच केलं होतं. बाई जुन्नरच्या, बोलणं मोजकं, उगाच फोन करणाऱ्यातल्या नव्हेत. फौजदार सुदर्शन मयेकरांनी उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"वास येत होता, डॉक्टर. मी स्वतः तिथं होतो."

"कसला वास?"

मयेकरांनी आठवून बघितलं. "गोडसर. जरा मसाल्याचा."

"पोटातही तोच होता. लवंग, वेलदोडा, मनुका. गुत्त्यावरची दारू अशी नसते. आणि जो काही अल्कोहोलचा अंश असेल, तो फार नसावा. त्यात धडधाकट माणूस धड झिंगणारसुद्धा नाही, मरणं तर लांबच."

"मग मेला कशानं?"

"रक्तदाब एकदम पडला असावा, मग हृदय बंद पडलं. कशानं पडला, ते पुण्याची प्रयोगशाळा सांगेल, तिच्या सवडीनं. पडण्याआधी तो लालबुंद झाला होता, धापा टाकत होता, असं पंच म्हणतात. खरं आहे?"

"खरं आहे."

"तेव्हाच माझ्याकडं आणला असता, तर बहुतेक वाचला असता."

फोन बंद झाला. मयेकर चहाकडं बघत बसले. आणायला कुणी नव्हतं असं नाही. चांगली पन्नासेक माणसं होती, बाहेर जीप उभी होती. पण चांगदेव लिंबाखाली कोसळला तेव्हा एक जण मोठ्यानं म्हणाला होता, "झोपू द्या त्याला, उतरेल." मग कुणी हात लावला नाही. ऊन सरकत सरकत त्याच्या तोंडावर आलं तरी नाही.

असं म्हणणारे गृहस्थ खुद्द मयेकरच होते.

आता हे सगळं घडलं कुठं, ते आधी सांगायला हवं. नारायणगावच्या वरच्या अंगाला अमृतबाग म्हणून बंगल्यांची वसाहत आहे. द्राक्षानं हात दिला त्या दिवसांत आसपासच्या बड्या बागायतदारांनी ती माळाची जागा घेतली, भोवती कंपाउंड घातलं, मळ्यातली घरं गड्यांच्या हवाली केली आणि इथं राहायला आले. बंगल्यांना नावं दिली द्राक्षांच्या जातींची. एक 'सोनाका', एक 'थॉम्पसन', एक 'शरद'. एकानं हौसेनं 'मातृछाया' ठेवलं तर बाकीचे त्याला वर्षभर हसले. गाड्यांना पुढचं फाटक, कामाच्या बायांना मागचा बोळ. मळ्यातनं आलेल्यानं दारातच पायताण काढायचं, माती तिथंच झटकायची. ज्यांची स्वतःची नखं काल-परवापर्यंत काळी होती, त्यांनाच मातीचा डाग जास्त खुपायला लागला होता. सगळीकडं असंच असतं हो, त्यात त्यांचंच काही विशेष नाही.

पण गावातली जुनी माणसं त्या जागेला अमृतबाग म्हणतच नसत. "कुठं निघाला?" म्हटलं की "बारवंवर," म्हणत. तिथं म्हणे पायऱ्यापायऱ्यांची जुनी बारव होती आणि साऱ्या गावाचं पाणी तिच्यावर होतं. वसाहतवाले म्हणत, बारव होती ती तिकडं ओढ्याकाठी, आणि ती आपली आपण ढासळली. सरकारी कागदात 'बारव एक' एवढंच होतं, जागेचा पत्ता नव्हता. जमीन सपाट करून वर हिरवळ केलेली. खुणेची झाडंसुद्धा राहिली नव्हती.

इतकी वर्षं कुणी फार बोललं नाही. पण दोन हजार तीन साली पावसानं साफ दडी मारली. ऐन ऑक्टोबरात गावच्या बाया टँकरपुढं भांडी घेऊन उभ्या राहिल्या आणि अमृतबागेत हिरवळीवर कारंजी उडत राहिली. मग मात्र गावाचं डोकं फिरलं. तालुक्याला अर्ज गेला. आणि चांगदेव पुढं आला. तो म्हणाला, बारव मी बुजवलीय. ट्रॅक्टर मी चालवत होतो. तोंड कुठं आहे ते डोळे झाकून दाखवतो.

त्याला आत्ताच कंठ फुटायचं कारण साधं होतं. त्याची स्वतःची बायको त्या टँकरच्या रांगेत उभी राहत होती, आणि तो तिला तोंड दाखवू शकत नव्हता.

काल नायब तहसीलदार आले, गाव जमलं, वसाहत जमली. चांगदेव 'सोनाका' बंगल्याच्या बाजूनं चालत आला. तोंड लाल, श्वास फुललेला. बोट वर करायला गेला आणि तोल गेला. जीभ वळेना. वसाहतीतल्या मंडळींत हशा पिकला. "हा साक्षीदार?" कुणीतरी म्हणालं. तहसीलदारांनी फाईल मिटली. तास-दीड तासानं झाडलोटीची बाई लिंबाखाली गेली, तर माणूस गार.

मयेकरांनी पंचनाम्यात लिहिलं होतं, 'दारूच्या नशेत पडून.' रात्री ते 'सोनाका'च्या आवारातल्या आपल्या खोलीवर गेले. 'सोनाका' वसाहतीचे चेअरमन गेणभाऊशेठ यांचा. त्यांच्या पत्नी गोजरबाई मयेकरांना दोन वेळचं जेवण मायेनं वाढत. काल मासवडी केली होती. मयेकरांनी ती दोनदा मागून घेतली. आता ते आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

*

दुपारी चांगदेवची बायको सोनीबाई ठाण्यात आली. हवालदार संपतनं तिला बाकावर बसवलं. बाई रडत नव्हती. रागानं तिचा आवाज कोरडा पडला होता.

"माजा मानूस पीत न्हवता, सायेब. गळ्यात माळ व्हती त्याच्या."

"कधीच नाही?"

"लगीन झाल्यापून थेंब न्हाई. आन तुमी कागदावर दारुड्या लिवलं. आता गाव म्हनतंय, पिऊन बडबडला, बारव-बिरव समदं खोटं."

"त्याला काही आजार होता? छातीचा, दम्याचा?"

"न्हाई. जरा खोकला व्हता, धुळीचा."

"काही औषध चालू होतं?"

"कसलं औषीद. दोन दिस नुसता डोळ्यांना औषीद लावत व्हता, तेवढंच. बोटं लाल झाली व्हती त्याची. घासून घासून बी जाईनात."

मयेकरांनी टिपण केलं, 'डोळ्यांचा विकार.' संपत शेजारीच बसला होता. त्यानं मान हलवली, पण बोलला काही नाही. मयेकर जन्मानं, वाढीनं मुंबईच्या नायगावातल्या पोलीस लाइनीतले. बदलीवर येऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

"काल तो पडला तेव्हा तू कुठं होतीस?"

सोनीबाईनं पदर सारखा केला. "घरी," ती म्हणाली. मग उठली. "त्याचं नाव तेवढं धुऊन द्या सायेब. दुसरं काय मागत न्हाई."

ती गेल्यावर मयेकर टोपी उचलून बाहेर पडले.

*

काल अमृतबागेत सगळ्यांना लिंबू सरबत वाटलं होतं ते इब्राहिमनं. बाजाराजवळ त्याचा रसवंतीचा गाळा. फौजदार दारात दिसताच त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, लोक म्हनतात माझ्या सरबतात काहीतरी होतं. खुदा की कसम, ते तहसीलदारांनी पण घेतलं, तुमी पण घेतलं."

"चांगदेवनं घेतलं?"

"तेच सांगतो ना. मी ग्लास पुढं केला, तर नको म्हनला. म्हनला, आत्ताच औषध घेतलंय, वर आंबट नको."

"कसलं औषध?"

"ते नाय विचारलं. तोंडाला बरा वास होता, पानाच्या मसाल्यासारखा."

"आला कुठून तो तुझ्याकडं?"

"सोनाकाच्या मागच्या बोळातनं. तोंड पुसत."

"तेव्हा शेठ कुठं होते?"

"फाटकावर. तहसीलदारांची गाडी आली ना, हार घेऊन उभे होते. सकाळपासून तिथंच होते."

मयेकरांचा संशय गेणभाऊशेठवरच होता, हे उघड सांगायला हरकत नाही. बारव वसाहतीत निघाली असती तर सगळ्यात जास्त नाचक्की त्यांची. पण फाटकावर हार घेऊन उभा असलेला माणूस मागच्या बोळात काय करणार? आणि डोळ्यांत घालायचं औषध पोटात कसं गेलं? की चांगदेवनं चुकून ते प्यायलं? मयेकरांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

शेठना त्यांनी हॉलमध्येच गाठलं.

"चांगदेव तुमच्याकडंच कामाला होता ना?"

"लई वर्षं. माणूस कामाचा. ह्या बारवेच्या नादानं बिघडला."

"तुमच्याविरुद्ध बोलणार होता, तरी तुम्ही कामावर ठेवलात?"

"छाटणीत माणसं मिळतात कुठं, साहेब? म्हटलं, कामावर असला की समजूत घालता येईल."

"घातलीत?"

"घातली की. ऐकंना. म्हणायचा, शेठ, मला झोप लागत न्हाई."

"त्याच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

शेठनी त्यांच्याकडं बघितलं. "डोळ्यांना? काय नाय. चांगलं दिसायचं त्याला."

आतून गोजरबाई चहा घेऊन आल्या. साठीची बाई, ठसठशीत कुंकू, हातांना अजून कष्टाचे घट्टे. "खोकताय तुमी सायेब," त्या म्हणाल्या. "परवा दिलं त्यानं बरं वाटलं न्हवं? रातच्याला अजून दोन चमचं घ्या. दोनच हां, पाण्यातनं."

मयेकरांनी मान डोलावली आणि उठले. शेठ खोटं बोलतायत असं त्यांना वाटलं नाही. मग सोनीबाई डोळ्यांच्या औषधाचं का सांगत होती? त्यांनी ठरवलं, चांगदेव दोन दिवस जिथं कामाला होता ती जागाच एकदा बघावी.

*

शेठचा मळा ओढ्यापलीकडं होता. छाटणी झाल्यामुळं बाग उघडीबोडकी दिसत होती, तारांवर नुसत्या काड्या. बहिरू नावाचा गडी डब्यात बोळा बुडवून काड्यांवर काहीतरी लावत चालला होता. जिथं लावी तिथं लाल ठिपका उमटे. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. मधूनच तो खोकत होता.

"काय लावतोयस?"

"पेस्ट हाय, सायेब. डोळ्यांना लावायची."

मयेकर थांबले. "कुणाच्या डोळ्यांना?"

बहिरूला हसू आलं, पण समोर फौजदार म्हणून त्यानं ते दाबलं. "वेलीच्या. ह्यो बगा डोळा. हितनं फूट निगती. औषीद लावलं की समदं डोळं एकसाथ फुटत्यात. लाल रंग आमीच घालतो, म्हंजी कुठला डोळा झाला आन कुठला ऱ्हायला ते कळतं."

मयेकरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मागं उभ्या हवालदाराकडं वळून ते म्हणाले, "संपत, तुला हे माहीत होतं?"

"डोळा म्हंजी डोळाच की, साहेब," संपत गांगरून म्हणाला. "मला वाटलं तुमाला कळलं."

"चांगदेवही हेच लावत होता?"

"तर. दोन दिस माज्या शेजारच्या ओळीत. पन मोजं काढून टाकलं व्हतं त्यानं, घाम येतो म्हनून. म्या सांगितलं, आरं, अंगात मुरतंय ते. ऐकतंय कोन."

"मुरलं तर काय होतं?"

"तसं काय व्हत न्हाई. फकस्त दारू न्हाई चालत. चार-पाच दिस थेंब बी न्हाई. घेतली की तोंड लाल भडक, छाती धडधडती, धाप लागती, मानूस आडवाच. एक घोट घेतला तरी बघणाऱ्याला वाटतं, बाटली संपवून आलाय."

संपतच्या हातातली वही खाली आली. काल लिंबाखाली जे दिसलं, ते बहिरू जसंच्या तसं सांगत होता.

"हे वसाहतीतल्या लोकांना ठाऊक आहे?"

"न्हाई वो. शेठलोक आता डबा हातात घेत्यात का? दुकानदार सांगतो ते मजुरांना. त्यास्नी काय करायचंय?" बहिरू पुन्हा खोकला. "वैनींना तेवढं ठावं हाय."

"गोजरकाकींना?"

"त्यांनी सोता लावलंय की. बंगला व्हायच्या आदी त्या आन शेठ दोगंच राबायचे बागंत. म्या परवा खोकल्याचं औषीद मागाया गेलतो त्यांच्याकडं, तर म्हनल्या, पेस्ट सपू दे मंग ये. दर छाटणीला असंच म्हनत्यात. एरवी कुनाला न्हाई म्हनायच्या न्हाईत."

"खोकल्याचं औषध म्हणजे ते लवंग-वेलदोड्याचं?"

"तेच. द्राक्षासव. घरी मुरवत्यात, हौदभर. लई गुनाचं."

मयेकर बांधावर बसले. त्यांच्या जिभेवर ती चव आली. परवाच त्यांनी दोन चमचे घेतले होते, पाण्यातून. गोडसर, मसाल्याचं, आणि पोटात गेल्यावर ऊब देणारं. बागेत पाखरंसुद्धा नव्हती, इतकं शांत होतं. संपत हळूच म्हणाला, "साहेब, उद्या बघू का?" मयेकर म्हणाले, "नाही. आत्ता."

*

"शेठ, काकी, दोघंही बसा," मयेकर म्हणाले. संपत दाराशी उभा राहिला. बाहेर हिरवळीवर कारंजं चालू होतं.

"चांगदेव दारू पीत नव्हता. माळकरी होता. त्याला गावातल्या कुणीही बाटली दाखवली असती तरी त्यानं तोंड फिरवलं असतं. पण द्राक्षासवाला कुणी दारू म्हणत नाही. ते औषध. वैद्य देतो, आजी देते, लहान पोरांना देतात. ते मुरतं तेव्हा त्यात अल्कोहोल तयार होतं, हे त्याच्या मनातही आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं. खोकला होता, आणि वर्षानुवर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्या घरातून प्रेमानं पुढं केलं. तो प्यायला. आणि पुढं इब्राहिमला सांगितलंही, औषध घेतलंय म्हणून. मी त्या औषधाचा आणि डोळ्यांच्या औषधाचा घोळ घालत बसलो, कारण मला तुमची भाषा कळली नाही."

गेणभाऊशेठ गोरेमोरे झाले. "साहेब, मी पाजलं. माझं चुकलं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"कशातून पाजलंत?"

"गिलासातनं."

"कधी?"

"तहसीलदार यायच्या आधी."

"तेव्हा तुम्ही हार घेऊन फाटकावर होता, शेठ. साऱ्या गावानं बघितलंय." मयेकरांनी मान वळवली. त्यांना ते जड गेलं. "काकी, मला दोन चमचे देता, तेही पाण्यातून. चांगदेवला किती दिलंत?"

गोजरबाई हातावरचे घट्टे अंगठ्यानं चोळत होत्या.

"चुकून झालं असं म्हणू नका," मयेकर म्हणाले. "बहिरूला तुम्ही परवा नाही म्हणालात. पेस्ट संपल्यावर ये म्हणालात. दर छाटणीला म्हणता. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. एकाला त्याच कारणानं दिलं नाही, आणि दुसऱ्याला त्याच कारणानं दिलंत."

घट्ट्यावरचा अंगठा थांबला.

"फुलपात्र भरून दिलं," गोजरबाई म्हणाल्या. "जुनं, तळाचं. कडक असतं ते."

"गोजरे," शेठ म्हणाले.

"बोलू द्या मला. माजा नवरा एकदा असाच पडला व्हता, सायेब, पहिल्यांदी पेस्ट आली तवा. कुनाच्या तरी बारशाला घोटभर घेतली आन लाल झाला. मानसं हासली. दोन तासानं उठून बसला. म्हनलं, ह्यो बी तसाच उठंल. मारायचं न्हवतं वो मला. निस्तं हासं व्हावं, दारुड्या म्हनावं, कुनी त्याचं ऐकू नये. येवढंच."

"का, काकी?"

"बारव आमच्या सैपाकघराखाली हाय." त्यांनी जमिनीकडं बोट केलं. "म्या तिच्या पायऱ्या चढलेय, डोक्यावर हंडा घिऊन. पोटात पोर असताना बी. ह्या घरात नळ सोडला की पानी येतं. ते जाईल, घर पाडत्याल, परत तोच हंडा डोक्यावर, असं वाटलं मला. बुजवली तवा रडले व्हते मी. पन नळ आला आन इसरले. गावाचं पानी आमी गिळलं, हे मला ठावं न्हाई व्हय? रोज भांडी घासताना ठावं असतं." त्यांनी डोळे पुसले. "त्यो पडला, तवा म्या खिडकीतनं बगत व्हते. ऊन आलं त्याच्या तोंडावर. म्हनलं, सावलीला न्यावं. मंग वाटलं, गेले तर मानसं इचारतील, तुमालाच का येवढा कळवळा."

शेठ हातात तोंड झाकून बसले. मयेकरांना वाटलं होतं, या क्षणी आपल्याला राग येईल. आला नाही. ज्या हातानं त्यांना गरम भाकरी वाढली होती तो हात समोर होता. आणि लिंबाखाली त्या एकट्यांनी थोडंच ठेवलं होतं त्याला?

"चला, काकी," ते म्हणाले.

"पायताण घालू का?" गोजरबाईंनी विचारलं, आणि मागच्या दाराकडं वळल्या. मयेकर म्हणाले, "पुढच्या दारानं चला."

फाटकापर्यंत वसाहतीतली माणसं आपापल्या व्हरांड्यात उभी होती. काल हसलेल्यांपैकी एकानं मान खाली घातली, बाकीचे आत गेले.

*

मयेकरांनी पहिला पंचनामा चुकीचा असल्याचं वरिष्ठांना कळवलं. स्वतःचा जबाबही त्यांनी लिहून दिला. 'झोपू द्या त्याला, उतरेल, असे मी म्हणालो,' हे वाक्य त्यात होतं. संपत म्हणाला, हे कशाला, साहेब? मयेकर म्हणाले, खरं आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच ते सोनीबाईच्या घरी गेले. ती ओट्यावर बसली होती. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पेस्ट, द्राक्षासव, स्वयंपाकघराखालची बारव. तालुक्याची माणसं खणायला येणार होती, तेही सांगितलं.

"त्यानं दारूचा थेंब घेतला नव्हता, बाई. तू म्हणालीस तेच खरं. मी चुकलो. मी तिथं होतो, आणि मी म्हणालो, उतरेल."

सोनीबाईला बरं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिचा चेहरा मात्र आणखीच ओढला गेला.

"तुमी परकं, सायेब," ती म्हणाली. "तुमाला काय ठावं त्यो कसा मानूस. मला ठावं व्हतं."

"म्हणजे?"

"म्या घरी न्हवते त्या टायमाला. खोटं सांगितलं तुमाला. म्या गेलते फाटकापत्तूर. वॉचमन म्हनला, तुजा नवरा पिऊन पडलाय, घेऊन जा. म्या लांबनं बघितलं. समदी हासत व्हती." तिनं ओट्याची कड घट्ट धरली. "इतकी वर्सं संसार केला त्याच्यासंगं. आन मला बी तेच खरं वाटलं. लाज वाटली त्याची. तोंडावर पदर घेतला आन माघारी आले."

मयेकर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"सायेब," ती म्हणाली, "पडल्यावर त्यो कायतरी बोलत व्हता. ओठ हालत व्हते, लांबनं दिसत व्हतं मला. काय म्हनत व्हता वो? पानी मागत व्हता का माजं नाव घेत व्हता?"

मयेकरांना काहीतरी बरं सांगावंसं वाटलं. पण त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकू येईल इतक्या जवळ कुणी गेलंच नव्हतं.